पिशवी वजा

व्हॅनमधला वजनकाटा गुरुवारी सकाळीच मेला.
बॅटरी, बहुतेक. किंवा पोलात्लीची धूळ,
जी कशातही शिरते: इंजिनात, पिठात, पोरांच्या छातीत.
कालव्याच्या कडेला बेचाळीस तंबू,
आणि मी नर्स, रिकाम्या हातांची.

मुकादम म्हणाला, माझा घ्या की.
तीन बांबूंना टांगलेला कांद्याचा काटा.
गंजलाय, म्हणाला, पण खोटं बोलत नाही.
त्याच्याशी तरी नसावा बोलत.

बाळाला लाल जाळीच्या पिशवीत बसवलं.
रोजहात, नऊ महिन्यांचा.
हवेत लोंबकळला, गोल फिरला, सगळ्यांकडे एकदा बघितलं त्यानं.
रडला नाही.
रडणारी मुलं मला बरी वाटतात.

त्याची आई खेजाल वाफ्यातून तशीच आलेली.
बोटांना कांदा, म्हणून डोळ्यांना हात लावत नव्हती.
तिची कुर्दी, माझी तुर्की,
मधे नऊ वर्षांची झोझान,
एकेक वाक्य कडेवर घेऊन पलीकडे नेणारी.

"सहा नऊशे!" मुकादम ओरडला
आणि सवयीनं वहीत लिहूनही मोकळा झाला,
त्रेपन्न, पंचावन्न, साडेएक्कावन्नच्या खाली.

"पिशवी वजा करा," झोझान म्हणाली.
कुणी शिकवलं नव्हतं.
काट्यावर काही चढलं की त्यातून काही कापतात,
एवढं तिला ठाऊक होतं.
पिशवीचे दोनशे. मातीचे वेगळे.
मग तंबूची जागा, टँकर, मुकादमाचा दहावा हिस्सा.
"मातीचे नको," मी म्हणाले, "याला कुठे माती?"
तिनं त्याच्या टाचा निरखल्या.
"आहे थोडी."

सहा सातशे.

लशीचं कार्ड मागितलं तर
खेजालनं चहाच्या डब्यातून तीन काढली.
उर्फाचं, अदानाचं, मालात्याचं.
तिन्हींवर नाव वेगळं: रोजहात, रोचात, रुहात.
तिन्हींवर तोच पहिला डोस.
दुसरा कुठेच नाही.
प्रत्येक गावात हा मुलगा नव्यानं जन्मला होता.

मी दुसरा दिला. तेव्हा रडला, देवाची कृपा.
जुलाबाचं विचारलं; आहेत, म्हणाली, भाकरीसारखे, रोजचे.
मी सांगत गेले: लिटरभर पाणी, सहा चमचे साखर, अर्धा मीठ.
झोझाननं आईला सांगितलं, आईनं झोझानला काहीतरी,
आणि झोझाननं मला विचारलं,
"पाणी कुठलं?"

मागे कालवा वाहत होता.
त्यात खताची रिकामी गोणी, एक चप्पल.

उकळून, म्हणाले.
म्हणताना तंबूत एकच सिलिंडर दिसत होता, आडवा पडलेला.

चौथं कार्ड लिहिलं नाही मी.
तिन्ही एकत्र टाचली, आणि मग,
कसं सुचलं माहीत नाही,
मुकादमाची वही मागितली.
तेलकट, रबरानं बांधलेली, तीन वर्षांची.
सरकारचे कागद भिजतात, फाटतात, गावागावात राहून जातात.
ही वही कधी हरवली नाही.
हिच्यात कुणाची किती उचल, कुणाचा कुठला दिवस बुडाला, सगळं आहे.
ज्या माणसाचा मला राग येतो, त्यालाच म्हणाले:
महिन्याला एकदा टांग त्याला. लिही. मला फोन कर.
तो हसला. "फुकट?"
फुकट.

पुढच्या गुरुवारी तंबू नव्हते.
खुंट्यांची भोकं, चुलींचे काळे ठिपके,
आणि एक लाल जाळी, वाऱ्यानं फुगलेली.

ऑगस्ट सरता सरता फोन आला.
ओर्दूच्या डोंगरातून, हेझलनटच्या उतारावरून, तुटक.
मागे पाऊस, कुणाचं तरी खोकणं.
"सात तीनशे," मुकादम म्हणाला.
आणि फार लांबून, पण स्पष्ट, एक चिरका आवाज:
"पिशवी वजा!"

सात शंभर.
मी तक्ता काढला.
अकरा महिन्यांची रेघ याच्या बरीच वर जाते.
ठिपका रेघेखाली पडला.
नाव कुठलं लिहू, कळेना; तिन्ही लिहिली.